बॅकहँडवर हरिकेन

टेबल टेनिसच्या हरिकेन ३ रबराचं नवं शीट पाकिटातून काढलं की त्यावर पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. कोपऱ्यात नख घालून तो सोलायला घ्यावा. रबर त्याला सहजी सोडत नाही. ओढ वाढवली की बारीक चर्र आवाज करत तो बोट-बोटभर सुटतो आणि खालचा चकाकणारा, किंचित तेलकट भासणारा पृष्ठभाग उघडा पडतो. शीट बॅटीला चिकटवून त्यावर तळवा टेकवून उचलला तर बॅट तळव्याबरोबर थोडी वर येते. चेंडूवर बॅट दाबून उचलली तर २.७ ग्रॅमचा तो चेंडू दोन-तीन सेकंद खाली लटकून राहतो आणि मग टप्पकन पडतो. हे रबर हातात घेणारा जवळजवळ प्रत्येक जण हा प्रयोग करतो आणि मान डोलावतो. मलाही तो करायला आवडतो, पण त्यातून फार थोडं कळतं. प्रत्यक्ष खेळात चेंडू आणि रबर यांची गाठ पडते ती जेमतेम एका मिलिसेकंदापुरती. तेवढ्या वेळात रबराने चेंडूला किती धरलं, किती फिरवलं आणि कधी सोडलं, हे लटकलेला चेंडू सांगू शकत नाही. ते कळायला फटका मारावा लागतो. माझ्या मते त्यातही बॅकहँडचा फटका मारावा, कारण तिथे या रबराला लपायला जागा नसते.

हरिकेन ३ हे शांघायच्या डबल हॅपिनेस कंपनीचं, म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेल्या डीएचएसचं रबर. जगभर त्याची ओळख आहे ती फोरहँडचं रबर म्हणून. मा लाँग, फान झेनडाँग यांच्यासारख्या चिनी खेळाडूंच्या फोरहँडला हरिकेन आणि बॅकहँडला बहुधा जपानी बटरफ्लाय कंपनीचं टेनर्जी किंवा डिग्निक्स, ही वाटणी आता इतकी रुळली आहे की गल्लीतल्या क्लबातही तीच दिसते. एका बाजूला चिकट आणि कडक, दुसऱ्या बाजूला पकड असलेलं पण उसळणारं.

या वाटणीमागचं कारण शरीरात आहे. फोरहँड मारताना पाय, कंबर, खांदा, हात असं सगळं एकामागून एक फिरतं आणि त्या ताकदीखाली कडक स्पंजसुद्धा दबतो. बॅकहँडला आपलंच शरीर आडवं येतं. बॅट पोटासमोर, कोपर जरा पुढे, मागे न्यायला वीतभर जागा. उरलेलं सगळं काम कोपरापासून पुढच्या हाताने आणि मनगटाने करायचं. एवढ्याशा हालचालीत हरिकेनचा स्पंज जागा होत नाही, म्हणून सल्ला ठरलेला असतो : बॅकहँडला मऊ, उसळणारं रबर घे, ते तुझ्या वतीने चेंडू पलीकडे पोचवेल.

हा सल्ला खोटा नाही. पण तो बॅकहँडच्या एकाच रूपाकडे पाहून दिला जातो. टेबलापासून दोन पावलं मागे सरून होणारी बॅकहँड-बॅकहँड रॅली डोळ्यांसमोर आणली की तो तंतोतंत पटतो. टेबलाला पोट लावून, नेटच्या आसपास खेळला जाणारा बॅकहँड मात्र निराळा. तिथे स्पंज दाबण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. वरचं शीट चेंडूच्या सालीवरून घासून न्यायचं असतं. चेक खेळाडू पेत्र कोर्बेल याच्या नावाशी जोडलेला चिकिता फ्लिक, म्हणजे आखूड चेंडू बॅकहँडने कडेवरून घासून उचलण्याचा फटका, २०११ चा विश्वविजेता झांग जिके याने सर्व्हिस परतवण्याचं मुख्य हत्यार केला, तेव्हापासून गुणांची सुरुवात बॅकहँडने होऊ लागली आहे. त्या जवळच्या बॅकहँडसाठी चिकट रबर वापरून पाहावं, तिथे ते त्याच्या फोरहँडइतकंच खुलतं, असं माझं ठाम मत आहे. दूरच्या बॅकहँडला त्याची किंमत मोजावी लागते. ती किती, हेही पुढे सांगतो.

मी खेळतो माणला. मुळशी तालुक्यातलं हे गाव, ज्याच्या शिवारावर हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा उभा राहिला आणि जिथे शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचा डेपो झाला. इथल्या सोसायट्यांच्या क्लबहाऊसमध्ये आणि कंपन्यांच्या मनोरंजनाच्या खोल्यांत टीटीचं टेबल हमखास असतं. खोली लहान, टेबलामागे भिंतीपर्यंत दीड-दोन मीटर जागा, शेजारी कॅरम किंवा ट्रेडमिल. अशा खोलीत मागे सरून लूप मारणं शक्यच नसतं. म्हणजे माणमध्ये जो टीटी वाढतो आहे तो मुळातच जवळचा टीटी आहे. रबराची पारख जागेप्रमाणे बदलते ती अशी. युरोपातल्या मोठ्या हॉलमध्ये बसून लिहिलेलं परीक्षण इथे जसंच्या तसं लागू पडत नाही.

आणि स्पंजच्या रबराबद्दल बोलायचं तर महाराष्ट्राला थोडा अधिकार आहेच. फेब्रुवारी १९५२ मध्ये जागतिक टेबल टेनिस स्पर्धा मुंबईत भरली होती. तोवर जगातले उत्तम खेळाडू लाकडावर पिंपलचं, म्हणजे बारीक उंचवट्यांचं, पातळ रबर लावलेल्या बॅटीने खेळत. त्या स्पर्धेत जपानचा संघ पहिल्यांदाच उतरला आणि चष्मा लावणारा हिरोजी सातो नावाचा खेळाडू जाड फोमचा स्पंज चिकटवलेली बॅट घेऊन आला. अंतिम सामन्यात त्याने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवलं आणि तो विश्वविजेता झाला. त्याच्या बॅटीचं सर्वांत भयंकर वैशिष्ट्य म्हणजे तिचा आवाजच येत नसे. पिंपलच्या बॅटीची टक-टक ऐकून चेंडूचा जोर ओळखायची सवय लागलेल्या खेळाडूंचे कानच निकामी झाले. पुढे बरीच वर्षं वाद चालले आणि १९५९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने बॅटीच्या आवरणाला मर्यादा घातली. नुसता स्पंज चालणार नाही, त्यावर पिंपलचं शीट हवं, पिंपल बाहेर असोत वा आत, आणि सगळी जाडी मिळून ४ मिलिमीटरच्या आत. आज माझ्या बॅटीवर जे हरिकेन आहे ते त्याच चौकटीतलं. पिंपल आत वळवलेले, बाहेर सपाट चिकट पृष्ठभाग, खाली साधारण २.१ मिलिमीटरचा स्पंज. सातोच्या नुसत्या फोमपासून या थरापर्यंतचा प्रवास जपान, युरोप आणि चीनमधून झाला, पण स्पंजने जग जिंकलं ते मुंबईत.

आवाजाचा विषय निघालाच आहे, तर हरिकेन आधी कानांनी ऐकावं. टेनर्जीवर बॅकहँडचा टॉपस्पिन नीट बसला की टणत्कार होतो. स्पंज ताणलेला असतो आणि तो चेंडू उडवताना बोलतो. हरिकेनवर तोच फटका मारला तर ‘थप्’ एवढाच दबका आवाज येतो. सुरुवातीला वाटतं, चेंडू नीट लागलाच नाही. पण पलीकडे बघावं तर तो टेबलावर टप्पा घेऊन एकदम पुढे झेपावलेला असतो. काही आठवडे खेळल्यावर कान याही आवाजात फरक करू लागतात. खोल, भरीव ‘थप्’ म्हणजे शीट आणि स्पंज दोघांनी काम केलं. कोरडी, वरवरची ‘फस्’ म्हणजे नुसतं घासलं. आणि कडक ‘टक्’ म्हणजे चेंडू स्पंज भेदून थेट लाकडापर्यंत गेला, हात सपाट पडला. प्रशिक्षक शेजारी नसेल तेव्हा या तीन आवाजांइतका प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही.

आता पुश, म्हणजे चेंडू खालून कापून परतवणं. समोरून बॅकस्पिनची आखूड सर्व्हिस आली आहे, नेटपासून हातभर अंतरावर दोन टप्पे पडतील अशी. उसळणाऱ्या रबराने ती बॅकहँड पुशने परतवताना मनात कायम धाकधूक असते, कारण स्पंज स्वतःहून थोडासा धक्का देतो आणि चेंडू वीतभर उंच किंवा हातभर लांब जातो. समोरचा त्याचीच वाट बघत असतो. हरिकेनचा स्पंज मंद स्पर्शाला जवळजवळ निद्रिस्त राहतो. बॅट उघडी धरून चेंडूच्या पोटाखालून मनगटाने बारीकसं कापलं की तो नेटवरून जेमतेम घसरतो आणि पलीकडे दोनदा टप्पा घेतो. तोच पुश लांब आणि जड करायचा असेल तर हालचाल तीच ठेवून शेवटच्या क्षणी मनगट जोरात सोडायचं. समोरच्याला आखूड पुश आणि जड लांब पुश यांतला फरक बॅट लागेपर्यंत दिसत नाही. या रबराचं पहिलं आणि सर्वांत शुद्ध सौंदर्य मला इथे दिसतं. ते काहीच करत नाही, त्यामुळे जे घडतं ते तुमच्या मनगटाने केलेलं असतं. बॅकहँडच्या आखूड सर्व्हिसलाही हाच गुण उपयोगी पडतो. छातीसमोरून छोटीशी हालचाल, आणि चेंडूत भरलेली फिरकी मात्र भरपूर.

दुसरी जागा म्हणजे ओपनिंग, बॅकस्पिनवर आलेला लांब पुश उचलून पहिला हल्ला चढवणं. इथे हरिकेन आणि मऊ रबर यांच्यातला फरक हातात स्पष्ट जाणवतो. मऊ, उसळत्या रबरावर चेंडू आधी आत रुतायला पाहिजे, मग तो कमानीने वर निघतो. वेळ थोडी चुकली तरी रबर सांभाळून घेतं, पण चेंडूतली फिरकी मध्यम राहते आणि ब्लॉक करणाऱ्याला ती ओळखीची वाटते. हरिकेनवर चेंडू रुततच नाही. तो शीटवर धरला जातो. गुडघे वाकवून बॅट मांड्यांच्या मधोमध खाली नेली, मनगट आत वळवलं आणि चेंडू उसळीच्या टोकावरून खाली यायला लागताच वर आणि किंचित पुढे घासला, तर चेंडू हळू जातो. डोळ्यांनी बघणाऱ्याला सोपा वाटतो. नेटवरून बऱ्यापैकी उंच, टेबलाच्या खोलात. पण टप्पा पडला की तो खाली दबतो आणि पुढे लाथ मारतो. नेहमीच्या कोनात बॅट धरणाऱ्याचा ब्लॉक टेबलाबाहेर जातो. पुढच्या वेळी तो बॅट जास्त मिटतो, तेव्हा मी कमी फिरकीचा, तसाच दिसणारा चेंडू टाकतो आणि तो नेटमध्ये जातो. हळू पण जड चेंडू हे बॅकहँडचं मोठं शस्त्र आहे, आणि आजच्या वेगाच्या वेडात त्याकडे कमी लोक वळतात याचं मला वाईट वाटतं.

चिकिताबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. चिकट शीटमुळे आखूड चेंडूच्या कडेवरून घासून नेणं सोपं जातं, हे खरं. नेटच्या उंचीखाली असलेला जड बॅकस्पिनही बिनदिक्कत उचलता येतो. पण मनगटाचा वेग पुरेसा नसेल तर चेंडू पलीकडे जातो तो मंद आणि बिनधाराचा, आणि समोरचा त्यावर फोरहँड घेऊन तुटून पडतो. टेनर्जीवर अर्ध्या वेगाचा चिकिता निभावून जातो. हरिकेनवर नाही.

किंमत खऱ्या अर्थाने मोजावी लागते ती ब्लॉकला. समोरून जोरकस टॉपस्पिन आला आणि तुम्ही नुसती बॅट पुढे धरलीत, तर दोन गोष्टी होतात. बॅटीचा कोन बरोबर असेल तर चेंडू ओल्या वाळूवर पडल्यासारखा बसतो आणि नेटच्या पलीकडे लहान, मंद जातो. समोरचा मागे सरलेला असेल तर हे वरदानच. पण कोन जरा उघडा असेल तर चिकट शीट समोरच्याच्या फिरकीला पकडतं आणि चेंडू वर उडतो. मऊ रबराने ‘धरून ठेवलं तरी चालतं’ असा जो भरवसा दिलेला असतो, तो इथे मिळत नाही. प्रत्येक ब्लॉक थोडा तरी मारावा लागतो, दोन-तीन इंच पुढे, किंचित खाली. थकल्यावर, पाचव्या गेममध्ये, हे दोन-तीन इंचच आधी कमी होतात. दोन पावलं मागे गेल्यावर तर हरिकेन बॅकहँडवर दमवतं. चेंडू टेबलाच्या मध्यावर पडायला लागतो आणि तिथून समोरच्याला मोकळं रान मिळतं. जो खेळाडू मुळात रॅलीचा आहे, ज्याला बॅकहँडच्या ताकदीने समोरच्याला कोपऱ्यात दाबायला आवडतं, त्याने हे रबर बॅकहँडला लावू नये.

आमच्याकडे क्लबहाऊसमध्ये एक काका येतात, निवृत्त, बॅकहँडला लाँग पिंपल लावून खेळणारे. त्यांचा पिंपल समोरच्याची फिरकी उलटी करून परत देतो. टॉपस्पिन मारा, बॅकस्पिन परत येईल. जड पुश द्या, हलका तरंगता चेंडू येईल. त्यांच्याशी खेळताना मी एकदा बॅट धरून ब्लॉकच करत राहिलो, तेव्हा ते म्हणाले, “अरे, नुसता उभा राहू नकोस. ते रबर तुला स्वतःहून काही देणार नाही.” मी म्हटलं, “काका, तुमच्या पिंपलला तर काहीच द्यावं लागत नाही.” ते हसले, “म्हणून तर लावलंय. गुडघे गेले आता.”

दोन तत्त्वं समोरासमोर उभी राहतात ती इथे. भारतीय टेबल टेनिसने, विशेषतः महिलांच्या खेळाने, बॅकहँडला पिंपल लावून मोठं नाव कमावलं आहे. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत एकेरीचं सुवर्ण जिंकणारी मनिका बत्रा लाँग पिंपलच्या बॅकहँडने जगातल्या भल्याभल्यांची लय मोडते. जुलै २०२३ मध्ये अल्टिमेट टेबल टेनिस लीग बालेवाडीच्या क्रीडासंकुलात रंगली, माणपासून अगदी जवळ, तेव्हा इथल्या मुलांनी तिचा हा बॅकहँड जवळून पाहिला. पिंपल समोरच्याने भरलेली फिरकी मोडतो किंवा उलटवतो. चिकट रबर स्वतः फिरकी निर्माण करतं. पिंपलला समोरच्याच्या चुकीची वाट बघता येते, हरिकेनला ती सोय नाही. काकांच्या पिंपलवरून आलेला मेलेला, फिरकी नसलेला चेंडू उसळत्या रबराने मारायला गेलं तर हमखास लांब जातो. चिकट शीटने मात्र त्या रिकाम्या चेंडूत आपली फिरकी भरता येते, आणि तो नेटवरून वर जाऊन टेबलाच्या आत उतरतो. काकांशी खेळताना माझ्या बॅकहँडला सर्वांत जास्त समाधान त्या चेंडूवर मिळतं.

आता मुळशीच्या हवेबद्दल. ताम्हिणी घाटात जो पाऊस कोसळतो तेवढा माणला पडत नाही, पण जून ते सप्टेंबर हवेत ओल भरपूर असते. क्लबहाऊसच्या काचा घामेजलेल्या असतात. उघड्या खिडक्यांच्या खोलीत सकाळी सहा-सात वाजता खेळताना चिकट शीटवर ओलाव्याचा अदृश्य थर बसतो आणि चेंडू घसरतो. लटकण्याचा प्रयोग केला तर चेंडू लगेच पडतो. ओपनिंगला मनगट फिरवावं आणि चेंडू थेट नेटच्या तळाशी जावा, असं एकदोनदा झालं की समजावं, रबर ओलं झालंय. उसळत्या, पकड असलेल्या रबरालाही ओल लागते, पण त्याच्यावर घसरण्याचा परिणाम कमी जाणवतो कारण चेंडू रुततो. हरिकेनवर रुतण्याचा आधार नाही, सगळा भार शीटवर. म्हणून पावसाळ्यात बॅटीच्या पिशवीत कोरडं मऊ कापड ठेवावं आणि दर सहा गुणांनी शीट पुसावं. सामन्यात नियमानुसार टॉवेलसाठी दर सहा गुणांनी थांबता येतं, त्याच वेळी. तळव्याने पुसू नये. घामातलं मीठ आणि तेल शीटवर राहतं आणि पृष्ठभाग हळूहळू निस्तेज होतो.

उन्हाळ्यात उलटं. माणला बांधकामं सतत चालू असतात, मेट्रोचं काम, नव्या इमारती, दिवसभर रेडिमिक्सची वाहनं. धूळ खोलीत येते, टेबलावर बसते, चेंडूला लागते आणि चेंडू ती हरिकेनवर आणून ठेवतो. अर्ध्या तासाच्या खेळानंतर शीट तिरकं करून दिव्यासमोर धरलं तर चेंडूचे गोल पांढुरके ठसे दिसतात. कुठे जास्त, कुठे कमी. माझ्या शीटवर ठसे मधल्या भागाच्या जरा वर, अंगठ्याच्या बाजूला दाटतात, म्हणजे चिकितासाठी बॅट कुठे लागते ते रबर स्वतःच दाखवतं. धुतल्यावर ही माहिती पुसली जाते, म्हणून पुसण्याआधी एकदा नीट बघावी. धुवायला साधं पाणी आणि मऊ स्पंज पुरे. पाण्याने धुऊन, आडवी ठेवून वाळवून, वरून प्लॅस्टिकची फिल्म हवेचे बुडबुडे न राहता चढवायची. अल्कोहोल, साबण, बाजारातले तेलकट फवारे यांपैकी कशाची गरज नाही.

तेलाचा विषय निघाला की दुसरं एक तेल आठवतं, बूस्टर. हरिकेनच्या स्पंजला बूस्टर लावून तो फुगवला की त्यात उसळ येते, हे सगळ्या टीटीविश्वाला माहीत आहे. पण आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे. रबर कारखान्यातून जसं आलं तसंच, कोणतीही रासायनिक वा भौतिक प्रक्रिया न करता वापरायचं. २००८ मध्ये द्रावकयुक्त स्पीड ग्लूवर बंदी आली ती खेळाडूंच्या आरोग्याच्या काळजीतून, आणि त्याच वर्षी बटरफ्लायने टेनर्जी बाजारात आणलं, ज्याच्या स्पंजमध्ये ती उसळ जन्मतःच भरलेली होती. हरिकेनची ‘निओ’ आवृत्तीही कारखान्यातच स्पंजवर प्रक्रिया होऊन येते. मी इथे जे लिहितो आहे ते निओबद्दलच, आणि वरून काहीही न लावलेल्या निओबद्दल. तेल लावलेल्या हरिकेनचं परीक्षण वाचून बिनतेलाचं हरिकेन घेतलं तर निराशा पदरी येते, आणि दोष रबराला दिला जातो.

कडकपणाच्या आकड्यांत तर बरेच लोक फसतात. डीएचएस आपला स्पंज ३९, ४०, ४१ अशा डिग्रीत विकतं. बटरफ्लायच्या मापात टेनर्जी ०५ हे ३६, डिग्निक्स ०५ हे ४० आणि चिकट डिग्निक्स ०९सी हे ४४. त्यावरून कोणी समजेल की ३९ चं हरिकेन हे डिग्निक्स ०९सीपेक्षा मऊ. तसं नाही. मापं वेगवेगळी आहेत, आणि चिनी ३९ हातात आकड्यावरून वाटतं त्यापेक्षा कितीतरी कडक लागतं. बॅकहँडसाठी ३९ च्या वर जायचं कारण नाही. ४१ चं शीट बॅकहँडला लावून काही जण मोठ्या अभिमानाने खेळतात, पण त्यांच्या मनगटाने तो स्पंज कधी दाबला जाताना मी पाहिलेला नाही. वजनही मोजावं. कापलेलं हरिकेन टेनर्जीपेक्षा साधारण चार-पाच ग्रॅम जड भरतं. दोन्ही बाजूंना हरिकेन लावलं तर बॅटीचं डोकं जड होतं आणि बॅकहँडला मनगट आत-बाहेर फिरवायला उशीर होतो. रंगाचाही विचार करावा. नियमाने एक बाजू काळी आणि दुसरी वेगळ्या भडक रंगाची हवी. काळं हरिकेन लालपेक्षा जास्त चिकट असतं, असं खेळणाऱ्यांमध्ये पक्कं मानलं जातं आणि माझाही अनुभव तसाच आहे. म्हणून बॅकहँडला हरिकेन लावायचं ठरवलं तर काळं तिकडे लावावं, फोरहँडला लाल.

२०१४ मध्ये सेल्युलॉइडचा चेंडू जाऊन प्लॅस्टिकचा आला तेव्हापासून चेंडूवर फिरकी भरणं थोडं अवघड झालं. त्या आधी २००० मध्ये चेंडू ३८ वरून ४० मिलिमीटरचा झाला होता. या दोन बदलांनी मिळून चिकट रबराची किंमत वाढवली. जपानी आणि जर्मन कारखाने आज चिकट शीट आणि उसळता स्पंज यांची सांगड घालू लागले आहेत, त्याचं कारण बहुतांशी हेच आहे. २०२० साली आलेलं डिग्निक्स ०९सी याचं सर्वांत ठळक उदाहरण. बॅकहँडवर ते हरिकेनपेक्षा खूप सुखाचं आहे. ब्लॉकला क्षमा करतं, दोन पावलं मागून मारलं तरी चेंडू टेबलाच्या टोकापर्यंत पोचतो, चिकितातला अर्धा वेगही निभावतो. किंमत मात्र साध्या हरिकेनच्या कित्येक पट. ज्यांना खर्च परवडतो आणि आठवड्यातून दोनदाच खेळायला मिळतं, त्यांनी बॅकहँडसाठी तेच घ्यावं असं मी निःसंकोच सांगतो. तरीही पुशमधली ती निद्रिस्त शांतता, आणि हळू ओपनिंगमधली जड, दबणारी फिरकी, ही दोन रूपं मला हरिकेनवर जास्त निखळ मिळाली. ०९सीचा स्पंज आखूड पुशमध्येही कुठेतरी जागा असतो.

माणमध्ये, लहान खोलीत, टेबलाजवळ खेळणाऱ्याला बॅकहँडला चिकट रबर लावायचं असेल तर ३९ डिग्रीचं, २.१ मिलिमीटरचं काळं निओ घ्यावं. ते पाच थरांच्या निव्वळ लाकडी ब्लेडवर लावावं. कार्बनच्या ब्लेडवर चेंडू शीटमधून फार लवकर निसटतो आणि जवळच्या खेळाचा सगळा फायदा जातो. पहिले दोन आठवडे फक्त आखूड पुश, लांब पुश आणि बॅकस्पिनवरचं ओपनिंग एवढंच खेळावं, ब्लॉक आणि रॅली नंतर. सुरुवातीला चेंडू नेटमध्ये जातील. तेव्हा बॅट उघडायचा मोह आवरावा. कोन तसाच ठेवून मनगट आणखी जोरात सोडावं.